कर्नाळ्याचे पक्षी कर्नाळ्याबाहेर ठरतात

२२२. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याबद्दल जालावर काहीही वाचायला घ्या, हा आकडा पहिल्या दोन-चार ओळींत भेटतोच. पक्ष्यांच्या २२२ जाती. त्यातल्या १६१ बारमाही राहणाऱ्या, ४६ हिवाळ्यातल्या पाहुण्या, ७ नुसत्या वाटेत थांबणाऱ्या, ३ फक्त विणीपुरत्या येणाऱ्या आणि ५ वाट चुकून आलेल्या. क्षेत्रफळ १२.११ चौरस किलोमीटर. आम्हा पनवेलकरांना या आकड्याचा भारी अभिमान. पुण्याचे नाहीतर ठाण्याचे पाहुणे आले की "अहो, आमच्या इथे बारा किलोमीटरवर..." अशी सुरुवात होते आणि मग गाडी काढून सुळका दाखवून आणल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही.

आकडा मोठा आहे यात वाद नाही. माझा वाद आहे तो त्या आकड्यावरून लोक जे अनुमान काढतात त्याच्याशी. अनुमान असं: जंगल १९६८ पासून राखीव आहे, चौकी आहे, तिकीटखिडकी आहे, म्हणजे पक्षी सुरक्षित झाले. आता हद्दीच्या बाहेर तुम्हाला काय हवं ते बांधा. हे अनुमान बिल्डर काढतात असं नाही, आपल्यासारखे पक्ष्यांवर प्रेम करणारेही काढतात. मला ते साफ चुकीचं वाटतं. कर्नाळ्यात किती जातींचे पक्षी टिकणार हे बऱ्याच अंशी कर्नाळ्याच्या हद्दीबाहेर ठरतं. का, ते जरा सविस्तर सांगतो. पोट सॉफ्टवेअरवर चालतं, पण हा विषय गेली काही वर्षं विकांताला वाचत आलोय, आणि गंमत म्हणजे त्यातले दोन महत्त्वाचे लोक मुळात गणितवालेच निघाले.

आधी त्या २२२ चं बघू. ही यादी म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर लॉग फाईल आहे. नवीन पक्षी दिसला की एक ओळ वाढते. जुना दिसेनासा झाला तर ओळ खोडली जात नाही, कारण "दिसला" याची नोंद करता येते, "आता नाही" याची नोंद करायची कोणी? म्हणजे हा आकडा फक्त वाढू शकतो. शिवाय बघणारे जितके जास्त तितकी यादी लांब. मुंबईहून तासा-दीड तासात पोचता येतं, दर रविवारी दुर्बिणी गळ्यात अडकवून मंडळी हजर. आमच्याच रायगड जिल्ह्यातलं फणसाड अभयारण्य याच्या पाचपटीहून मोठं, तरी तिथल्या पक्ष्यांची यादी साधारण १९० च्या घरात सांगतात. टेस्टर जास्त लावले की बग जास्त सापडतात, तसलाच प्रकार. त्यामुळे २२२ हा आकडा पक्ष्यांच्या तब्येतीचा रिपोर्ट म्हणून वाचण्यात अर्थ नाही. तो इतिहास आहे.

मग खरा प्रश्न: एखाद्या ठिकाणी एवढ्याच जाती का? पन्नास का नाहीत, पाचशे का नाहीत?

याचं एक उत्तर आहे ते आतल्या जागेबद्दल. रॉबर्ट मॅकार्थर नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ होता. आधी गणित शिकला, मग पक्ष्यांकडे वळला, आणि १९७२ साली जेमतेम बेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याने १९५८ मध्ये दाखवलं की दिसायला सारखे, खाणंही सारखं, अशा पाच जातींचे वटवटे एकाच सूचिपर्णी झाडात राहू शकतात, कारण कोणी शेंड्याला, कोणी मध्याला, कोणी खोडाजवळ, असे आपापले मजले वाटून घेतात. पुढे १९६१ मध्ये त्याने बायकोबरोबर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की जंगलात झाडांच्या जाती किती, यापेक्षा त्या जंगलाचे थर किती, यावर पक्ष्यांची विविधता जास्त अवलंबून असते. गवत-झुडपांचा थर, मधला थर आणि वरचं छत असे तिन्ही थर भरलेले असतील तर पक्षी जास्त.

कर्नाळ्यात हे डोळ्यांनी दिसतं. पालापाचोळ्यात खरवडणारे सातभाई वेगळे, झुडपात गाणारा शामा वेगळा, मधल्या फांद्यांवरून झेप घेऊन किडे टिपणारा स्वर्गीय नर्तक वेगळा, वरच्या छतात हळद्या आणि भृंगराज. ओढ्याच्या दगडांवर शीळकरी कस्तुर. त्यात जुने वड, उंबर, नांद्रुक फळले की त्या एका झाडावर तांबट, हरियल, बुलबुल यांची पंगत बसते, तीही बाकी जंगलात खायला फारसं नसताना. खालचा थर "साफसफाई" म्हणून काढला, मरणारं झाड "धोकादायक" म्हणून पाडलं, की एकेक खोली बंद होते. हा भाग बहुतेकांना पटतो, आणि वनखात्याच्या हातातला आहे.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि ते फार कमी लोकांच्या डोक्यात असतं. हाच मॅकार्थर आणि मुंग्यांचा अभ्यासक एडवर्ड विल्सन या दोघांनी १९६७ साली बेटांवरच्या जातींबद्दल एक पुस्तक लिहिलं. त्यातली कल्पना इतकी साधी आहे की सर्व्हर सांभाळणाऱ्या कोणालाही एका मिनिटात कळेल. बेटावर बाहेरून नव्या जाती येत राहतात. बेटावरच्या काही जाती अधूनमधून तिथून नष्ट होत राहतात. येण्याचा वेग आणि जाण्याचा वेग जिथे सारखा होतो, तिथे जातींची संख्या स्थिरावते. बेट लहान असेल तर प्रत्येक जातीची डोकी कमी, एखादं वाईट वर्ष आलं की खेळ खलास, म्हणून जाण्याचा वेग जास्त. बेट मुख्य भूमीपासून लांब असेल तर येण्याचा वेग कमी. म्हणजे संख्या स्थिर दिसते तेव्हासुद्धा आत ये-जा चालूच असते. टाकीतली पातळी तीच, पाणी मात्र रोज वेगळं.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. विल्सनचा विद्यार्थी डॅन सिंबरलॉफ (हा दुसरा गणितवाला) याने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची खारफुटीची इवलीशी बेटं निवडली. आपल्या पनवेलच्या खाडीत तिवरांचे सुटे पुंजके दिसतात ना, साधारण तसली, दहा-पंधरा मीटर रुंदीची. प्रत्येक बेटावर अख्खा तंबू ठोकला, आत विषारी धूर सोडला आणि सगळे किडे-कोळी मारून टाकले. मग तंबू काढून मोजत बसला. वर्षभराच्या आत बहुतेक बेटांवर जातींची संख्या जवळजवळ पूर्वीइतकी झाली. आता लक्ष द्या: संख्या तीच, पण जाती त्याच नव्हत्या. आणि किनाऱ्यापासून सगळ्यांत लांब असलेलं बेट मागेच राहिलं. म्हणजे किती जाती, हे त्या बेटावरच्या झाडांइतकंच त्याच्या भोवतालावर ठरत होतं.

"पण कर्नाळा बेट कुठंय?" हा प्रश्न रास्त आहे. १९६८ साली नव्हतं. तेव्हा अभयारण्याची हद्द अवघी ४.४८ चौरस किलोमीटर होती, २००३ मध्ये ती वाढून १२.११ झाली. पण १९६८ मध्ये त्या छोट्या हद्दीबाहेर भातखाचरं, माळ, ओढ्याकाठची झाडी, आंबराया, प्रबळगड-माथेरानकडे जाणाऱ्या रानाच्या पट्ट्या, पश्चिमेला खाजणं आणि तिवरं होती. हद्द कागदावर होती, पक्ष्याला ती कळत नव्हती. आता हद्द वाढली आहे आणि भोवतीचं पाणी चढत चाललंय. सिमेंटचं पाणी. २०१३ साली सिडकोला विमानतळ प्रभावित क्षेत्राचं, म्हणजे "नैना"चं, नियोजन मिळालं. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचं पात्र वळवलं, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. आणि मुंबई-गोवा महामार्ग तर अभयारण्याच्या पोटातूनच जातो. तो रुंद करण्याचं काम वन्यजीव परवानग्यांमध्ये किती रखडलं हे रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांना तोंडपाठ आहे. यातली एकेक गोष्ट वेगळी घेतली तर तिच्यामागे कारण आहे. एकत्र घेतली तर एक बेट तयार होतंय.

बेट झाल्यावर काय होतं याचं उदाहरण पनामात आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, १९१४ च्या सुमाराला गाटुन जलाशय भरला आणि एका जंगली टेकडीचा माथा पाण्याबाहेर राहिला. बारो कोलोराडो बेट. क्षेत्र साधारण १५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कर्नाळ्याहून थोडंसं मोठं. १९२३ पासून ते संरक्षित आहे. जगातल्या सगळ्यांत जास्त अभ्यासलेल्या जंगलांपैकी एक. शास्त्रज्ञ मुक्कामाला, पहारा कडक. तरीसुद्धा तिथे वीण करणाऱ्या पक्ष्यांच्या डझनावारी जाती गेल्या शतकात नाहीशा झाल्या. त्यात जंगलाच्या जमिनीवर आणि खालच्या थरात वावरणारे, किडे खाणारे पक्षी बरेच होते. राखीव होतं, सुरक्षित होतं, पण बाहेरून कोणी येत नव्हतं. एखादी जात वाईट वर्षात संपली की तिची जागा भरायला शेजारी नव्हता.

इथे हमखास येणारा आक्षेप: "अहो, पक्ष्यांना पंख असतात! रस्ता काय, इमारत काय, उडून जातील." ऐकायला बरोबर वाटतं. याच गाटुन जलाशयावर काही संशोधकांनी जंगली पक्षी होडीतून नेऊन किनाऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर सोडून पाहिले. २००८ साली तो निबंध आला. काही जाती आरामात किनाऱ्याला पोचल्या. काहींना शंभर मीटरसुद्धा पार करता आले नाहीत, पाण्यात पडले, त्यांना उचलून घ्यावं लागलं. जन्मभर झाडीच्या सावलीत या फांदीवरून त्या फांदीवर जाणाऱ्या पक्ष्याला मोकळी जागा म्हणजे भिंतच. कावळा, घार, साळुंकी, पारवा यांना पनवेलभर कुठेही अडत नाही. अडतं ते शामासारख्याला, पाचोळ्यातल्या सातभाईला, चकोत्रीला. म्हणजे बेट होण्याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. जे पक्षी फक्त जंगलाचे आहेत, ज्यांच्यासाठी आपण अभयारण्य केलं, तेच आधी जातात. आणि त्यांच्या जागी साळुंक्या आल्या की आकडा फारसा हलतही नाही!

आणि त्या २२२ मधली फोड पुन्हा बघा. बारमाही १६१ सोडले तर उरतात ६१. एक चतुर्थांशाहून जास्त यादी मुळातच बाहेरच्यांची. निळ्या डोक्याचा कस्तुर हिमालयात घरटं करतो आणि हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीत येतो. तिबोटी खंड्या, जो आपल्या रायगडचा जिल्हापक्षी आहे, तो पावसाबरोबर येतो, ओढ्याच्या मातीच्या काठात बीळ करून पिल्लं वाढवतो आणि पाऊस संपला की बहुतेक निघून जातो. त्याला काय लागतं? सावली, वाहता ओढा, बेडूक-खेकडे आणि मातीचा उभा काठ. हे सगळं कर्नाळ्याच्या आत जेवढं आहे तेवढं हद्दीबाहेरच्या ओढ्यांवरही आहे. होतं म्हणा. "नालेसफाई आणि सुशोभीकरण" म्हणून ओढ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत घातली की जिल्हापक्ष्याचं त्या ओढ्यावरचं घर संपलं. मग फलकावर त्याचं कितीही सुंदर चित्र काढा.

आता दुसरी बाजू. घरं लागतात. मी स्वतः ज्या इमारतीत राहतो तिच्या जागी एके काळी भात होत होता, हे शेजारचे काका अजून सांगतात. विमानतळ झाला, आता तो नको म्हणण्यात अर्थ नाही. आणि "एकच मोठं जंगल राखा, बाकी सोडा" असंही शास्त्र म्हणत नाही. उलट सिंबरलॉफनेच १९७६ मध्ये या सरसकट नियमावर प्रश्न उभा केला होता. काही वेळा विखुरलेले अनेक छोटे तुकडे मिळून एका मोठ्या तुकड्याइतक्या किंवा जास्त जाती सांभाळतात, कारण प्रत्येक तुकडा वेगळ्या स्वभावाचा असतो. महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी आपल्या देवरायांचा अभ्यास करून दाखवलं की देवाच्या नावाने राखलेल्या छोट्या छोट्या तुकड्यांमध्येही आजूबाजूला न उरलेल्या वनस्पती टिकून आहेत. म्हणजे छोटे तुकडे कामाचे आहेत. फक्त ते एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर हवेत. माझं म्हणणं "बांधू नका" असं नाही. माझं म्हणणं आहे की मधली जोडणी शिल्लक ठेवून बांधा.

घाई का, तर उशीर झाल्याचं कळतच नाही म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये "टेक्निकल डेट" म्हणतात तो प्रकार सगळ्यांना माहीत आहे. आज घाईत कोड ढकलला, सिस्टीम चालू आहे, सगळे खूश, आणि हप्ते दोन वर्षांनी सुरू. जंगलाच्या अभ्यासात याच्याच भावकीतला शब्द आहे, नामशेष होण्याचं कर्ज. जोडणी आज तुटते, पण आतले पक्षी आज मरत नाहीत. आहेत ते जगतात, काही वर्षं विणीही होतात. मग एका वर्षी मादी कमी, एका वर्षी पाऊस वेडावाकडा, आणि वीस-पंचवीस वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात येतं की अरे, इथे अमुक पक्षी ऐकू यायचा. साधारण हिशेब असा मांडतात की अधिवासाचं क्षेत्र निम्मं झालं की शेवटी दहा ते वीस टक्के जाती जातात, आणि दहावा हिस्सा उरला तर निम्म्या. यातला "शेवटी" हा शब्द महत्त्वाचा आहे. पर्यावरणाचा अहवाल प्रकल्पाआधी एक-दोन वर्षं पक्षी मोजतो आणि "परिणाम नगण्य" लिहून मोकळा होतो. कर्जाचा हप्ता त्याच्या मुदतीत येतच नाही.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि एकीलाही विमानतळाएवढा पैसा लागत नाही.

पहिली, ओढे. कर्नाळा, माणिकगड, प्रबळगड या बाजूंनी खाली येणारा प्रत्येक ओढा नैनाच्या नकाशात निळ्या रेघेऐवजी हिरव्या पट्ट्याने दाखवा. दोन्ही काठांवर मातीचा उतार आणि देशी झाडी. ओढा ही जंगलाला जोडणारी सर्वांत स्वस्त दोरी आहे, आणि पुरासाठीही तीच कामाला येते. दुसरी, महामार्ग. अभयारण्यातून जाणाऱ्या तुकड्यात मोऱ्या मोठ्या आणि मोकळ्या ठेवा, आणि जिथे शक्य आहे तिथे दोन्ही बाजूंच्या झाडांची छतं वर एकमेकांना भिडू द्या. तिसरी, वृक्षारोपण. लाख झाडं लावली हा आकडा सांगणं बंद करा. एका ओळीत गुलमोहर आणि गिरिपुष्प लावून त्याखाली लॉन केलं की ती एका थराची इमारत झाली, तिथे भाडेकरू येणार ते साळुंकी आणि कावळा. उंबर, नांद्रुक, करंज, त्याखाली करवंद, आणि पाचोळा झाडून न काढणे, एवढं केलं तरी फरक दिसेल. चौथी, मोजणी. दरवर्षी त्याच आठवड्यांत, त्याच वाटांवर, सारखाच वेळ देऊन मोजा. आणि २२२ च्या फलकाशेजारी दुसरा फलक लावा: गेल्या पाच वर्षांत न दिसलेले पक्षी. तो फलक लावायला हिंमत लागेल, पण खरी माहिती त्याच्यावर असेल.

जोडणीचा विचार सरकारी कागदात बसतच नाही असंही नाही. ठाणे खाडीचं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. पण रोहित ओहोटीला खाडीच्या चिखलात खातात आणि भरतीला आसपासच्या उथळ तळ्यांवर येऊन थांबतात. तळी गेली तर खाडी राखूनही उपयोग अर्धाच. हे पक्षीमित्रांनी आणि अभ्यासकांनी वर्षानुवर्षं सांगितलं, आणि २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने नेरुळच्या डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. म्हणजे "अभयारण्याबाहेरची जागा हीसुद्धा अभयारण्याचा भाग आहे" हे तत्त्व मान्य होऊ शकतं. रोहित गुलाबी असतो, थव्याने येतो, फोटोत झकास दिसतो, म्हणून त्याचं ऐकलं गेलं. पाचोळ्यातल्या तपकिरी सातभाईसाठी कोण उभं राहणार हा प्रश्न आहे. :-)

असो. विकास आराखडा किंवा नगररचना योजना जाहीर झाली की हरकती-सूचना मागवतात, हे तुम्हाला माहीत असेलच. बहुतेक हरकती रस्त्याच्या रुंदीच्या आणि आपल्या प्लॉटच्या असतात, त्या असायलाही हव्यात. पण पनवेल, नेरे, आपटा, रसायनी या भागात राहत असाल तर पुढच्या वेळी नकाशात आपल्या गावचा ओढा शोधा, तो कर्नाळ्यापासून किंवा प्रबळगडापासून येतो का ते बघा, आणि त्याच्या दोन्ही काठांबद्दल एक परिच्छेद लिहून पोच घ्या. ओढ्याचं नाव लिहायला विसरू नका. नकाशावर नाव असलेला ओढा बुजवणं थोडं अवघड जातं.